ती चुकून जिंकली नाही



मागच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आपल्या व्हरांड्यात बुद्धिबळाचा एक डाव झाला. एका बाजूला मी, इयत्ता सातवी. दुसऱ्या बाजूला पाचवीतली एक मुलगी. गुरुजींच्या वहीत माझे गुण ११६० आणि तिचे ९६०. भोवती वीस-पंचवीस पोरं उभी होती. सातव्या चालीला डाव संपला. हरलो मी.

मी पट उधळला नाही, रडलो नाही, पण एक गोष्ट केली. सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणालो, "चुकून जिंकली." ते वाक्य घरोघर गेलं. सोमवारी तिची आजी शाळेत आली होती. तिनेही गुरुजींना विचारलं, "पोरगी चुकून जिंकली म्हणत्यात, खरं का?" आणि मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, मी चुकून कशी जिंकले ते मला दाखव. म्हणजे पुन्हा तशी चूक करणार नाही."

दाखवायला म्हणून मी पट मांडला. एकेक चाल पुन्हा केली. तिची चूक काही सापडेना. माझ्याच सापडल्या. गुरुजी बाजूला उभे होते. ते म्हणाले, "बोललास सगळ्यांसमोर, तर आता लिहायचंही सगळ्यांसमोर." म्हणून हा लेख.

वहीतले गुण म्हणजे काय?

पुष्कळ पालकांना वाटते की बुद्धिबळाच्या वहीतले गुण म्हणजे परीक्षेचे मार्क. तसे नाही. परीक्षेत शंभरापैकी मार्क मिळतात. इथे 'पैकी' काही नसते. प्रत्येक नव्या खेळाडूला गुरुजी १००० गुण देतात. मग जिंकला की वाढतात, हरला की कमी होतात. मोठ्या स्पर्धांतही असेच गुण असतात. त्यांना रेटिंग म्हणतात.

ही पद्धत आर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकांनी बसवली. त्यांचा जन्म १९०३ साली हंगेरीत झाला. पुढे ते अमेरिकेत मिलवॉकी या शहरात भौतिकशास्त्र शिकवीत. स्वतः चांगले बुद्धिबळ खेळत. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने त्यांची पद्धत १९६० साली स्वीकारली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली. म्हणून तिला एलो पद्धत म्हणतात.

तिचे मर्म एवढेच, की दोघांच्या गुणांतला फरक बघायचा. जिंकल्याचा १ गुण, बरोबरीचा अर्धा आणि हरल्याचा शून्य, असे धरून शंभर डाव झाले तर कुणाला किती मिळतील याचा अंदाज त्या फरकावरून निघतो. तो असा:

फरक ० असेल तर ५० आणि ५०.
फरक १०० असेल तर वरच्याला सुमारे ६४, खालच्याला ३६.
फरक २०० असेल तर वरच्याला सुमारे ७६, खालच्याला २४.
फरक ४०० असेल तर वरच्याला सुमारे ९१, खालच्याला ९.

आता नीट बघा. माझ्यात आणि तिच्यात बरोबर २०० चा फरक होता. म्हणजे वहीनेच आधी सांगून ठेवलं होतं की शंभरातले २४ गुण हिचे. वहीने तिला शून्य कधीच दिलं नव्हतं. शून्य दिलं होतं ते मी, मनातल्या मनात.

जिंकल्यावर तिचे गुण किती वाढले तेही सांगतो. एका डावात तिच्याकडून अपेक्षा होती ०.२४ ची. तिने मिळवला पूर्ण १. म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.७६ जास्त. त्याला ४० ने गुणायचे. आले ३०.४. गुरुजी अपूर्णांक सोडून देतात, म्हणून ३०. तिचे झाले ९९० आणि माझे ११३०. मी जिंकलो असतो तर? ०.२४ गुणिले ४०, म्हणजे जेमतेम ९ गुण वाढले असते. वरच्याने खालच्याला हरवले तर थोडेच मिळते आणि खालच्याने वरच्याला हरवले तर भरपूर. सातवीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे, दशांश अपूर्णांकांचा चांगला सराव होतो.

ते ४० का, असे कुणी विचारील. फिडेसुद्धा १८ वर्षांखालच्या मुलांना, त्यांचे रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत, ४० नेच गुणते. मोठ्या माणसांना साधारण २० ने आणि २४०० पर्यंत पोहोचलेल्यांना १० ने. कारण मुले भराभर शिकतात. आज जो येत नाही तो डाव पंधरा दिवसांनी येतो. वही मात्र मागच्या डावांवर चालते.

आपल्या शाळेमागच्या विहिरीचा दगड आठवा. त्याच्यावर पाण्याची रेघ उमटलेली आहे. ती रेघ पाणी कुठपर्यंत होतं ते सांगते. आज किती आहे ते बघायला वाकावंच लागतं. रेटिंग म्हणजे ती रेघ. मी रेघ बघून निघालो, वाकून बघितलंच नाही.

डाव जसा झाला तसा

ज्यांच्या घरी पट आहे त्यांनी हा डाव मांडून बघावा. पटाला ६४ घरे. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या ओळींची नावे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ आकडे. म्हणजे पांढरा राजा सुरुवातीला ई १ वर आणि पांढरा वजीर डी १ वर. गावातली जुनी माणसे खेळतात त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते. स्पर्धेच्या नियमात पहिल्या चालीला दोन घरे जाता येते.

आणखी एक सांगायला हवे. आपल्या शाळेच्या पटातला एक काळा घोडा हरवला आहे. त्याच्या जागी बाटलीचे बूच ठेवतात. त्या दिवशी ते बूच बी ८ या घरात होते. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

पांढरी मोहरी तिची, काळी माझी.

पहिली चाल. तिने राजापुढचे प्यादे ई ४ वर आणले. मी माझे ई ५ वर.

दुसरी चाल. तिचा घोडा एफ ३ वर आला. त्याची नजर माझ्या ई ५ च्या प्याद्यावर. मी डी ६ वर प्यादे ठेवून त्याला आधार दिला.

तिसरी चाल. तिचा उंट सी ४ वर. माझा उंट जी ४ वर. माझी ही चाल मला फार आवडली. कारण तिच्या घोड्याच्या मागे, त्याच तिरक्या रेषेत, तिचा वजीर. घोडा हलला की वजीर उघडा. मी मनात म्हटलं, घोडा आता खुंटीला बांधला.

चौथी चाल. तिचा दुसरा घोडा सी ३ वर. मी जी ७ चे प्यादे एक घर पुढे, जी ६ वर सरकवले. पुढेमागे तिथून दुसरा उंट काढू, असा विचार. खरं सांगायचं तर विचार नव्हताच. तेव्हा मी चौथीच्या एका मुलाला गेल्या वेळी कसा हरवला ते सांगत होतो.

पाचवी चाल. तिने तो बांधलेला घोडा उचलला आणि ई ५ चे माझे प्यादे मारले. वजीर उघडा पडला. पोरं ओरडली, "अगं, वजीर!" मी एका क्षणात उंटाने डी १ वरचा वजीर मारला. मारून तो हातात धरून सगळ्यांना दाखवलासुद्धा.

सहावी चाल. तिच्या सी ४ च्या उंटाने एफ ७ चे प्यादे मारले. शह. उंटाला राजाने मारावं, तर त्याच्या मागे ई ५ चा घोडा उभा. जायला एकच घर, ई ७. गेलो.

सातवी चाल. तिचा सी ३ चा घोडा डी ५ वर आला. शह आणि मात.

बघा, एकही घर उरत नाही. ई ६ आणि ई ८ वर तिच्या उंटाचा मारा. डी ७ वर एका घोड्याचा, एफ ६ वर दुसऱ्या घोड्याचा. उंट मारावा तर त्याला घोड्याचा आधार. डी ६, डी ८, एफ ८ या घरांत माझीच मोहरी बसलेली. दोन घोडे आणि एक उंट यांनी राजा धरला, आणि तिचा वजीर माझ्या मुठीत होता.

चूक कुणाची, नजर कुणाची?

या युक्तीला 'लेगालची मात' म्हणतात. लेगाल हे अठराव्या शतकातले फ्रान्समधले खेळाडू. फिलिदोर हे त्या काळचे नामांकित बुद्धिबळपटू, त्यांचे ते गुरू. म्हणजे युक्ती अडीचशे वर्षांहून जुनी. पावसाळ्यात एकदा शेतावर जायला वाट नव्हती म्हणून शाळेत खूप मुलं थांबली होती, तेव्हा गुरुजींनी ती फळ्यावर काढून दाखवली होती. त्या दिवशी मी सर्वांत पुढे बसलो होतो. ती सर्वांत मागे होती, खिडकीपाशी.

माझ्या चुका दोन. पहिली चूक, चौथ्या चालीला मी काम नसलेली चाल केली. बी ८ चे बूच, म्हणजे माझा घोडा, मी सी ६ वर काढायला हवा होता. मग तिने ई ५ चे प्यादे मारल्याबरोबर त्या बुचाने तिचा घोडा खाल्ला असता. तिने वजिराने माझा जी ४ चा उंट मारला असता, तर त्याच बुचाने वजीरही खाल्ला असता. एका प्याद्यापायी तिचा घोडा गेला असता आणि सगळी युक्ती तिच्यावरच उलटली असती.

दुसरी चूक, पाचव्या चालीला वजीर दिसला म्हणून मी मारला. हा वजीर फुकट का मिळतोय, हे विचारलं नाही. तेव्हा डी ६ च्या प्याद्याने तिचा घोडा मारायला हवा होता. तिने वजिराने माझा उंट मारला असता. माझे नुकसान एका प्याद्याचे झाले असते आणि डाव पुढे चालू राहिला असता. बाजारात कुणी म्हैस फुकट देऊ लागला तर आपण तिचे दात बघतो. पटावर मात्र मी हात पुढे केला.

मी तिला विचारलं, "तुला ती युक्ती पाठ होती का?" ती म्हणाली, "पाठ नव्हती. पण तुझं बूच जागचं हललं नव्हतं, म्हणून आठवली."

त्या एका वाक्यात सगळं आलं. जिला नुसती युक्ती पाठ असते ती कुठेही वजीर देते आणि हरते. हिने आधी माझा घोडा कुठे आहे ते पाहिलं. चूक माझी होती हे खरं. पण समोरच्याची चूक आपोआप आपला विजय होत नाही. ती दिसावी लागते आणि दिसल्यावर वजीर सोडायची छाती लागते. ९६० गुणांच्या मुलीने भर गर्दीत, मोठी पोरं ओरडत असताना, तो सोडला. याला चुकून म्हणता येत नाही.

नागपूरची दिव्या

आमचा डाव हौशी पोरांचा. पण मोठ्या पटावरही असे होते. त्यातला आपल्या महाराष्ट्राचा एक डाव सांगतो.

२०२५ सालच्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. बाटुमी काळ्या समुद्राच्या काठी आहे, नकाशात पाहावे. स्पर्धेला शंभराहून जास्त खेळाडू होत्या. रेटिंगप्रमाणे सगळ्यांना क्रमांक दिलेले होते. नागपूरच्या दिव्या देशमुखचा क्रमांक होता १५ वा. वय १९ वर्षे. ती ग्रँडमास्टरही नव्हती. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वांत मोठा किताब आहे.

दिव्याने वाटेत चीनच्या झू जिनर यांना हरवले. त्यांचा क्रमांक दुसरा होता. मग आपल्याच देशाच्या द्रोणवल्ली हरिका, मग पूर्वीच्या जगज्जेत्या तान झोंगयी. अंतिम फेरीत समोर आल्या आंध्र प्रदेशच्या कोनेरू हंपी. हंपी भारताच्या पहिल्या महिला ग्रँडमास्टर. तो किताब त्यांना २००२ साली मिळाला, तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या. दिव्याचा जन्म २००५ चा. म्हणजे दिव्या पाळण्यात यायच्या आधीपासून हंपी ग्रँडमास्टर. रेटिंगमध्येही हंपी सुमारे ८० गुणांनी वर.

दोघींचे पहिले दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलैला जलद डाव खेळवले. जलद डावात विचार करायला वेळ थोडा असतो. आणि हंपी तर जलद बुद्धिबळाच्या दोन वेळच्या जगज्जेत्या, २०१९ च्या आणि २०२४ च्या. कुणालाही वाटावे की आता संपले. पहिला जलद डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळ संपत आले, हंपींच्या हातून चुका झाल्या, दिव्याने त्या पाहिल्या आणि डाव जिंकला. अडीच विरुद्ध दीड गुणांनी विश्वचषक तिचा झाला. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय. त्या विजयाबरोबरच तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर ती आईला मिठी मारून रडली.

वरच्या कोष्टकाप्रमाणे ८० गुणांच्या फरकात खालच्या खेळाडूचे शंभरातले सुमारे ३९ गुण असतातच. दिव्याने ते पटावर बसून मिळवले. तिची मेहनत रोजची होती, फक्त रेघ अजून तिथवर आली नव्हती.

मग वही खोटी का?

नाही. हेही सांगितले पाहिजे, नाही तर माझा लेख दुसऱ्या बाजूला कलायचा. एका डावावरून ती माझ्यापेक्षा चांगली खेळते असे ठरत नाही. वहीत अजूनही मी १४० गुणांनी वर आहे. एक डाव म्हणजे एक डाव. पाऊस एक दिवस पडला म्हणून पावसाळा म्हणत नाहीत आणि एक दिवस नाही पडला म्हणून दुष्काळ म्हणत नाहीत.

पण प्रश्न साधा नाही. तालुक्याच्या स्पर्धेला आपल्या शाळेतून एकच खेळाडू जायचा आहे. वहीत ज्याचे गुण जास्त तो जाणार, असं ठरलं होतं. तसं पाहिलं तर मीच जातो. माझं या शाळेतलं हे शेवटचं वर्ष आहे. मला जायचं आहे, हे मी लपवत नाही.

गुरुजींनी मला विचारलं, "वहीप्रमाणे तुझं नाव देऊ का?" मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. 'हो' म्हणणं सोपं होतं, कुणी काही बोललंही नसतं. पण ज्या मुलीला मी 'चुकून' म्हणालो, तिच्याशी पुन्हा न खेळता तालुक्याला गेलो, तर प्रत्येक डावात मला ते बूच दिसलं असतं. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "गुरुजी, सहा डाव खेळवा. तीन पांढऱ्याने, तीन काळ्याने. ज्याचे गुण जास्त तो जाईल. बरोबरी झाली तर सातवा डाव." गुरुजी तिला म्हणाले, "तुला चालेल का गं?" ती म्हणाली, "चालेल. पण दादाने खेळताना गप्पा मारायच्या नाहीत." सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.

वहीचा अंदाजही इथे लिहून ठेवतो. १४० च्या फरकाप्रमाणे सहा डावांत तिचे गुण दोनाच्या जरा आत, माझे चाराच्या जरा वर. येत्या सोमवारपासून रोज मधल्या सुट्टीत एक डाव होईल. पालकांनी जरूर यावे. तिच्या आजीने तर यावेच. एक विनंती, चालीच्या वेळी कुणी "अगं, वजीर!" असं ओरडू नये. निकाल पुढच्या अंकात याच जागी लावू. मी जिंकलो तर मी लिहीन, ती जिंकली तर ती लिहील.

हरवलेला काळा घोडा कुणाला सापडला तर शाळेत आणून द्यावा.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी